पाण्यातलीचं नाव

थाहिन गावच्या बायकांना त्या सकाळी मक्याचा एकेक दाणा वाटला गेला, आणि बुआखामचं डोकं तिथेच फिरलं.

सभामंडपात चटया अंथरल्या होत्या. पुढे जमिनीवर तीन चित्रं मांडलेली. एक हसरं तोंड, एक सरळ रेघेचं तोंड, एक रडकं तोंड. राजधानीहून आलेली फाइलिन नावाची मुलगी सगळ्यांना समजावून सांगत होती. नेसूचं कडक इस्त्रीचं, आवाज मधाळ. तिच्या शेजारी परदेशी पाहुणा, हेन्रिक. वयस्कर माणूस. पाय कुणाच्या तोंडाकडे होऊ नयेत एवढं त्याला कुणीतरी शिकवून आणलं होतं, त्यामुळे बिचारा कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला वळत बसला होता.

"ऐका हं सगळ्याजणी," फाइलिन म्हणाली. "धरणाला वीस वर्षं झाली. नाम सेनच्या खोऱ्यात रस्ता आला, दवाखाना आला, वीज आली. या सगळ्याने तुमचं आयुष्य कसं झालं, ते आम्हाला बघायचंय. ज्या तोंडावर ठेवावासा वाटेल त्या तोंडावर दाणा ठेवा. कुणाला घाबरायचं काम नाही."

घाबरतंय कोण मेलं! घाबरण्याचा प्रश्नच नव्हता. घरी पाहुणा आलाय, सात समुद्र ओलांडून आलाय, त्याच्या पुढ्यात रडक्या तोंडावर दाणा ठेवणार कोण? थाहिनमध्ये दोन दिवसांच्या उपाशी माणसाला जेवलास का विचारा, 'आत्ताच हात धुतला' म्हणून सांगेल. पाहुण्याला आपलं रडगाणं ऐकवणं म्हणजे त्याच्या ताटात माती कालवणं, हे इथल्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात. आणि ही शहाणी माणसं तोंडांची चित्रं घेऊन आली होती.

बायका एकेक करून उठल्या आणि हसऱ्या तोंडावर दाणा ठेवून आल्या. मे पेंगसुद्धा; पोरंबाळं असलेल्या बाईला इथे मे, म्हणजे आई, म्हणतात. मे पेंगचे नदीकाठचे कांद्याचे वाफे धरणाच्या पाण्याने इतक्यांदा धुवून नेले होते की तिने आता वाफे घालणंच सोडलं होतं. तिनेही दाणा ठेवला आणि वर पाहुण्याकडे बघून लाजून हसली. हसऱ्या तोंडावर दाण्यांचा ढीग झाला. रडकं तोंड तसंच कोरं.

बुआखामची पाळी आली. ती उठली, चित्रांपाशी गेली, जरा उभी राहिली. मग तिने दाणा तोंडात टाकला आणि कडाकडा चावून खाल्ला.

बायका फिसकन हसल्या. हेन्रिकही हसला. त्याला वाटलं असेल, बाई विनोदी आहे. नाय बान सीथोन, म्हणजे गावचा मुखिया, तो मात्र हसला नाही. "मे बुआखाम, भूक लागली असेल तर भात वाफवून तयार आहे," तो म्हणाला.

"भूक नाही लागली. दाणा कुठे ठेवायचा ते चित्र यांनी आणलंच नाही, म्हणून खाल्ला."

"कुठलं चित्र पाहिजे होतं?" फाइलिनने मऊ आवाजात विचारलं.

"बुडणाऱ्या तोंडाचं."

यावर कुणीच हसलं नाही. फाइलिनने हेन्रिकला काहीतरी थोडक्यात सांगितलं, त्याने मान हलवली, आणि काम पुढे सरकलं.

पुढचा प्रश्न आला तो नेमका दर पाहणीत विचारतात तोच. या वीस वर्षांत धरणाच्या पाण्यामुळे गावातलं कुणी दगावलं आहे का?

बायकांनी मांडीकडे बघितलं, पुरुषांनी छपराकडे. नाय बानने घसा साफ केला. "नाही. देवाच्या दयेने तसं काही नाही."

आता हे खोटं होतं, आणि तरीही खोटं बोलायचं म्हणून कुणी बोललं नव्हतं. ते नीट सांगायला हवं, नाहीतर थाहिनची माणसं भेकड वाटतील, आणि ती भेकड नाहीत.

माणूस घरी अंथरुणावर गेला की त्याला भिक्खू येतात, दिवस होतात, चिता होते, वर्षानुवर्षं त्याचं नाव घेऊन भात ठेवला जातो. पण जो पाण्यात गेला, झाडावरून पडून गेला, त्याचं वाईट मरण. त्याला जाळत नाहीत. गुपचूप नेऊन पुरतात, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. नाव काढलं की तो वळून बघतो म्हणतात, आणि आपल्यासोबत आणखी कुणाला तरी नेतो. पाहुण्यासमोर तर नाहीच नाही. धरणवाल्यांनी आजवर पाहणीसाठी माणसं पाठवली, दर वेळी हाच प्रश्न विचारला, दर वेळी गावाने छपराकडे बघितलं, आणि दर वेळी त्यांच्या कागदावर शून्य पडलं. त्या शून्यावर राजधानीत टाळ्या वाजल्या असतील.

बुआखामची थोरली मुलगी आठ वर्षांपूर्वी गेली. एकोणीस वर्षांची होती. थंडीत नाम सेनचं पाणी काचेसारखं नितळ होतं, खडक वर येतात, आणि खडकांवर हिरवंगार शेवाळ धरतं. ते काढायचं काम बायकांचं. कमरेला टोपली बांधायची, मांडीभर पाण्यात जायचं, लांब लांब बटा ओढून काढायच्या. मग घरी आणून थापायचं, वर तीळ-लसूण टाकून उन्हात वाळवायचं. पिढ्यानपिढ्या चाललेलं काम. पूर्वी थंडीत नदीची भीती कुणाला नव्हती. नदी तेव्हा गुडघे टेकून बसलेली असायची. धरण झालं आणि नदीचं वेळापत्रक सीमेपलीकडच्या शहरातले लोक ठरवू लागले. त्यांना संध्याकाळी घरी आल्यावर थंडीतही गार हवेची यंत्रं लागतात, मग इकडे धरणाची दारं उघडतात. पाणी आधी गार पडतं. पायांना ते कळतं. पण नदीच्या मधल्या खडकावर उभं असताना पायांना कळून काय उपयोग? काठ गाठेपर्यंत पाणी छातीला आलेलं असतं.

वानफेन मधल्या खडकावर होती. तिची टोपली दोन गावं खाली सापडली, शेवाळाने भरलेली. ती चार दिवसांनी सापडली.

आठ वर्षं बुआखामने ते नाव उच्चारलं नव्हतं. घरात बोलायची वेळ आली तर 'ती', नाहीतर 'पाण्यातली'. आणि आता धाकटी लत्सामी तेवढीच झाली होती, त्याच खडकावर जात होती. नको म्हणून सांगितलं की म्हणायची, "मग खायचं काय, मे? धरणाची वीज?"

म्हणून बुआखामला काय पाहिजे होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला भोंगा पाहिजे होता. धरणापासून खाली काही गावांच्या काठावर उंच खांबावर भोंगे बसवलेले होते. दारं उघडायच्या आधी ते कोकलतात. थाहिनला नव्हता. फोन करू म्हणाले होते. फोन यायचाही, पाणी येऊन गेल्यावर. वरातीमागून घोडं.

मंडपात ती उठून उभी राहिली. "आम्हाला भोंगा द्या."

धरणाच्या कचेरीचा माणूस पाहुण्यांबरोबर आला होता, वोंगदुआन नावाचा. गोरा, गुबगुबीत, सतत घाम पुसणारा. तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मे, भोंगा धोक्याच्या गावाला असतो. धोक्याचं गाव कुठलं? जिथे पाण्याने माणूस गेल्याची नोंद आहे ते. तुमच्याकडे एवढ्या वर्षांत कुणी गेलेलं नाही. चांगलीच गोष्ट आहे ना ही! शिवाय ही शेवटची पाहणी. या साहेबांचा अहवाल झाला की प्रकल्पाचा हिशेब बंद. यापुढे मागायचं काही राहणार नाही."

"आणि कुणी गेलेलं असेल तर?"

"तर गावाने सांगायला हवं होतं. आत्ताही सांगा. कोण गेलं?"

बुआखामने तोंड उघडलं. शेजारून मे पेंगने तिचं नेसू ओढलं. समोर तिचा थोरला भाऊ, गावात विधी चालवणारे, सगळ्यांचे लुंग म्हणजे काका, लुंग खामफ्यू, तिच्याकडे टक लावून बघत होते. आणि तिची जीभ उचललीच नाही. ती तशीच उभी राहिली आणि मग खाली बसली. वोंगदुआनने घाम पुसला. फाइलिनने पुढचा प्रश्न विचारला. दवाखाना किती लांब आहे?

बुआखामला सगळ्यांत जास्त राग त्या क्षणी स्वतःचाच आला.

दुपारी पाहुण्यांसाठी सू ख्वान होता. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, बत्तीस जीव म्हणा. प्रवासात, आजारात, दगदगीत ते इकडेतिकडे भटकतात. त्यांना हाका मारून अंगात परत बोलवायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून आत पक्कं करायचं. आलेल्या पाहुण्याचा असा मान केला नाही तर गावाची नाचक्की.

लुंग खामफ्यू घराच्या ओसरीवर केळीच्या पानांचा मनोरा करत बसले होते. झेंडूची फुलं एकेक करून काडीला टोचत होते. बुआखाम पायऱ्या चढून थेट समोर जाऊन बसली.

"दादा, हाका मारताना तिचं नाव घे."

त्यांच्या हातातलं फूल पडलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुझ्या तोंडून आलं तर गाव मानेल. तू ख्वानांना हाका मारतोस. जंगलातून ये, नदीतून ये, म्हणतोस. त्यातच एक हाक तिला मार. पाहुण्याच्या कानावर जाऊ दे."

"सू ख्वानमध्ये वाईट मरणाचं नाव? पाहुण्याचे बत्तीसच्या बत्तीस ख्वान पळून जातील. आणि ती? ती वळून बघेल बुआखाम. पहिली कुणाकडे बघेल? तुझ्या लत्सामीकडे."

"लत्सामीकडे ती कशाला बघायला पाहिजे? धरणवाल्यांचं पाणी बघतंय की रोज संध्याकाळी! तुझी भाची होती ती, दादा. तूच तिला पोहायला शिकवलंस."

"म्हणून तर," लुंग खामफ्यू म्हणाले, आणि पडलेलं फूल उचलून त्यांनी काडीला टोचलं. मग म्हणाले, "रीत मी केली नाही. मी मोडणारही नाही."

"रीत!" बुआखाम उठली. "धरण बांधताना विचारली होती का कुणी आपली रीत? खडकावरचं नागाचं देऊळ पाण्याखाली गेलं तेव्हा कुठे होती रीत? ते आपल्या रितीचा कागद करून घेऊन चाललेत. आपण गप्प बसतो ना, त्याचं त्यांनी शून्य केलंय. पाळा रीत. मीही पाळते. बघच तू."

आणि ती पायऱ्या उतरून गेली ती सरळ घरी. अंगावरचं जुनं नेसू बदललं, लग्नाच्या वेळचं रेशमी काठाचं काढलं, खांद्यावरून पांढरी पट्टी घेतली, केसांत झेंडू खोचला. मंडपात शिरली तेव्हा बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. नाय बानला हायसं वाटलं. बाई ताळ्यावर आली, असं त्याला वाटलं.

मध्ये केळीपानांचा मनोरा, त्यावर लोंबणारे दोरे, भोवती उकडलेली अंडी, केळी, चिकट भाताचे गोळे, उकडलेली कोंबडी, तांदळाच्या दारूची बाटली. हेन्रिक, फाइलिन आणि वोंगदुआन मनोऱ्याला हात लावून बसले, मागच्यांनी त्यांच्या कोपराला हात लावले, त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या. लुंग खामफ्यूंनी हाका मारल्या. आवाज चांगला होता त्यांचा. या ख्वानांनो, रानातून या, वाटेवरून या, नदीच्या वळणावरून या. नदीपाशी आल्यावर ते अडखळले. बुआखामने मान वर केली. ते पुढे गेले. नाव घेतलं नाही.

मग दोरे बांधणं सुरू झालं. एकेकाने दोरा घ्यायचा, पाहुण्याच्या हातावरून आधी बाहेर झटकायचा म्हणजे वाईट जावं, मग आत ओढायचा म्हणजे चांगलं यावं. मग मनगटाला गाठ मारत मारत आशीर्वाद द्यायचा, आपापल्या शब्दांत. लांब आयुष्य, भरपूर पोरं, गाडीला अपघात न होवो, जे सुचेल ते. यात दोन गोष्टी थाहिनमध्ये कुणी मोडत नाही. बांधायला घेतलेला दोरा अर्धा सोडायचा नाही. आणि बांधणाऱ्याचं बोलणं, गाठ पक्की होईपर्यंत, कुणीही तोडायचं नाही. तोडलं तर ज्याच्या मनगटाला दोरा आहे त्याचा ख्वान कायमचा तुटतो.

बुआखामने मनोऱ्यावरून दोरा काढला आणि हेन्रिकसमोर गुडघे टेकले. त्याच्या तळहातावर अंडं ठेवलं. दोरा बाहेर झटकला, आत ओढला. मनगटाला गुंडाळला. हेन्रिक हसून मान लववून बसला होता.

"माझ्या मुलीचं नाव वानफेन," बुआखाम म्हणाली.

कुणाच्या तरी हातातला दारूचा पेला चटईवर कलंडला.

"माझी वानफेन शेवाळ काढायला गेली. भरल्या थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना पूर आला. पूर वरून नाही आला, धरणाच्या दारातून आला. चार दिवसांनी ती सापडली. तिला मी जाळली नाही. तिच्यासाठी भिक्खू बोलावले नाहीत. आठ वर्षं तिचं नाव घेतलं नाही. तुमच्या कागदावर जे शून्य आहे ना बाबा, त्या शून्याच्या आत माझी पोर आहे. तुम्हाला लांब आयुष्य लाभो. तुमच्या लेकी कोरड्या राहोत."

नाय बान अर्धवट उठला होता. उठून करणार काय? दोरा बुआखामच्या बोटांत होता, गाठ सैल होती. तो तसाच अधांतरी उभा राहिला आणि वोंगदुआनकडे बघत राहिला. वोंगदुआन घाम पुसायचं विसरला होता.

फाइलिन हेन्रिककडे झुकली आणि हळू आवाजात बोलली. चार शब्द, फार तर सहा. हेन्रिक आणखी हसला आणि त्याने बुआखामला वाकून नमस्कार केला.

बुआखामला ती भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण ती कान देऊन ऐकत होती. नाव कुठल्याच भाषेत बदलत नाही. ते तिला ऐकू आलं नाही.

"काय सांगितलंस त्याला?"

"आशीर्वाद सांगितला, मे."

"नाव नाही आलं त्यात."

फाइलिनचा चेहरा लाल झाला. "मे, ऐका ना. आज शुभ दिवस आहे. त्यांचा मान आहे. असलं... विधीत असलं कसं सांगायचं? उद्या मी सावकाश सांगेन त्यांना."

"उद्या तुमची गाडी सकाळीच जाणार आहे." बुआखामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात हलला नाही, दोरा सुटला नाही. "तुझी आई आहे ना?"

"आहे."

"काय हाक मारते तुला?"

"फाइ."

"तू पाण्यात गेलीस तर तिने 'फाइ' गिळून बसायचं? आणि कुणी येऊन विचारलं किती गेले, तर म्हणायचं, कुणी नाही, हसऱ्या तोंडावर दाणा ठेवते? तू मला बोलू नको म्हणत नाहीस गं, तू मला गोड बोलून पुरतेस. माझा हात अजून सुटलेला नाही. गाठ मारायची राहिलीय. तू सांगितल्याशिवाय मी मारणार नाही. बसू दे त्याला असंच, अंडं हातात घेऊन, संध्याकाळपर्यंत."

हेन्रिकचं हसू आता जाऊ लागलं होतं. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. हात पुढे केलेला, हातात अंडं.

फाइलिनने खालचा ओठ चावला. मग ती बोलायला लागली. या वेळी लांब. मध्येच तिचा आवाज फुटला, मग पुन्हा धरला. आणि त्या न कळणाऱ्या शब्दांच्या राशीत बुआखामला ऐकू आलं: वानफेन.

हेन्रिकने अंड्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "वॅनपेन."

"वानफेन," बुआखाम म्हणाली.

"वान... फेन."

तिने गाठ मारली. करकचून मारली; त्याच्या मनगटावर वळ उठला असेल. उठू दे.

ती बाजूला झाली, आणि तिच्या मागे दोरा घेऊन गुडघ्यावर बसलेली मे पेंग पुढे सरकली. मे पेंग, सकाळी लाजून हसलेली. तिने दोरा बाहेर झटकला, आत ओढला आणि म्हणाली, "माझा नवरा. थोंगवान. जाळं काढायला गेला होता." फाइलिनने सांगितलं. मे पेंगने गाठ मारली. तिच्या मागची म्हातारी म्हणाली, "माझा नातू. सात वर्षांचा होता." नाव घेताना तिचा आवाज इतका बारीक झाला की तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. त्यानंतर आणखी एकीने एक नाव घेतलं, आणि पुरुषांपैकी एकाने. हेन्रिकचं एक मनगट भरलं, त्याने दुसरं पुढे केलं. नाय बान खाली बसला होता. लुंग खामफ्यू मनोऱ्यामागे तोंड फिरवून बसले होते. त्यांनी कुणाला थांबवलं नाही आणि स्वतःचा दोराही उचलला नाही.

सगळं झाल्यावर हेन्रिकने काहीतरी विचारलं. "ते विचारतात," फाइलिन म्हणाली, "सकाळी का नाही सांगितलं?"

"सकाळी तोंडं मांडली होती," बुआखाम म्हणाली. "आता हात दिला."

वोंगदुआनला एव्हाना वाचा फुटली होती. "साहेब, ही पूजेतली बडबड आहे. पूजेतली बडबड काही पुरावा होत नाही. माहिती गोळा करायचं काम दुपारच्या आधीच संपलं." फाइलिनने ते हेन्रिकला सांगितलं नाही. तिने न सांगितलेलंही बुआखामने ध्यानात ठेवलं.

लुंग खामफ्यू बाहेर पायरीवर भेटले. "मोकळी सोडलीस तिला," ते म्हणाले. "आता ती फिरेल."

"फिरू दे. आठ वर्षं एका जागी पडून पाय आखडले असतील. धरणावर जाऊन बसू दे, त्यांच्या दारांवर. त्यांच्या कचेरीत जाऊन त्या घामटाच्या मानगुटीवर बसू दे."

"आणि लत्सामी?"

बुआखाम पायऱ्या उतरायला लागली. भीती तिलाही होती. राग भीतीपेक्षा मोठा होता, एवढंच.

पाहुणे गेले. पाऊस झाला, भात लावला गेला, कापला गेला. मग एक दिवस फाइलिनचा नाय बानला फोन आला, आणि नाय बानने स्वतः बुआखामच्या घरी येऊन निरोप सांगितला. अहवाल छापून आला होता. खोऱ्याचा विकास यशस्वी झाला होता. मृत्यूच्या रकान्यात शून्यच होतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: गावकऱ्यांनी एका धार्मिक विधीत काही जुन्या आठवणी सांगितल्या, त्यांची पडताळणी झालेली नाही.

"आठवणी," बुआखाम म्हणाली.

"पण भोंगा मंजूर झालाय, मे! ऐक तरी. 'खबरदारी म्हणून, सद्भावनेपोटी' असं लिहिलंय. त्या म्हाताऱ्यानेच भांडून घातलं म्हणे ते."

"सद्भावना! माझी पोर गेली नाही, पण भोंगा देतात. मग कशाला देतात? हौस म्हणून? लग्नात वाजवायला?"

"तुला भोंगा पाहिजे होता. भोंगा मिळाला. आता तरी गोड तोंड कर."

"माझं तोंड आहे तसं राहू दे."

भोंगा बसला. वोंगदुआन स्वतः आला, लाल फीत कापली, फोटो काढले, गावाला कोंबड्या दिल्या. बुआखाम त्या जेवणाला गेली नाही. ती काठावर टोपलीच्या कडा बांधत बसली आणि खांबाकडे बघून मनातल्या मनात शिव्या घालत राहिली.

थंडी पडली. शेवाळ धरलं. लत्सामी, मे पेंगची सून आणि आणखी काही जणी मधल्या खडकापर्यंत गेल्या होत्या. ऊन उतरलं होतं. बुआखाम काठावर शेवाळ धूत होती. आणि भोंगा वाजला.

पहिल्यांदाच खराखुरा वाजत होता. लांब, घोगरा, वर चढत जाणारा आवाज. पाण्यातल्या बायका क्षणभर आ वासून उभ्याच राहिल्या, हे काय कोकलतंय म्हणून. आणि काठावरून मे पेंग, जन्मात कधी जोरात न बोललेली मे पेंग, दोन्ही हात तोंडाशी धरून किंचाळली, "वानफेन ओरडतेय! निघा गं! वानफेन ओरडतेय!"

पाण्यातून दुसरीने तेच पुढे ओरडून सांगितलं. मग तिसरीने. टोपल्या पाण्यात आपटत बायका काठाकडे धावल्या. मागून पाणी चढत आलं, खडक दिसेनासे झाले, पण तोवर सगळ्या चिखलात उभ्या राहून धापा टाकत होत्या.

तेव्हापासून थाहिनमध्ये त्या खांबाला भोंगा कुणी म्हणत नाही. संध्याकाळी पोरं लांब गेली तर आया म्हणतात, वानफेन ओरडायच्या आत घरी ये. जे नाव आठ वर्षं कुणी काढलं नाही ते आता दिवसातून दहादा निघतं. लुंग खामफ्यूंनी एकदाच ते ऐकून मान खाली घातली, नंतर तेही म्हणायला लागले. अहवालातलं शून्य तिकडे राजधानीत कपाटात असेल. त्याला वाळवी लागो.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र बुआखाम काठावर उभी होती, पाणी तिच्या पावलांपर्यंत आलं होतं आणि वर भोंगा वाजतच होता. "ओरड," ती म्हणाली. "आणखी ओरड." मग तिने बाहेर आलेल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली, एक नाही, दोन नाही, सगळ्या होत्या, आणि लत्सामी ओल्या कपड्यांत तशीच वाऱ्याला उभी आहे म्हणून तिला शिव्या घालत घरी घेऊन गेली.